ओल्या हाताचा मिस्त्री

भाचीचं लग्न घाटनांदूरला होतं. मामा मिरवणार, तर गाडीनेही मिरवावं, या हौसेने आदल्या दिवशी मी माझ्या जुन्या जपानी टर्बो गाडीच्या, टर्बोची दाबाची हवा इंजिनात नेणाऱ्या नळ्या स्वतः खोलून लख्ख पुसल्या. लग्नाच्या सकाळी गेवराईजवळ गाडीचा जोरच गेला. शिट्टी वाजवत ती काळा धूर ओकू लागली. मुहूर्त दुपारचा, आणि नवरीला बोहल्यावर आणायला मामाच लागतो.

रस्त्याकडेला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता.

"टर्बो बसलाय, आणि तिकडं मामावाचून लग्न अडलंय," मी ऐटीत निदान सांगितलं.

त्याने बॉनेट उघडलं. हात पाण्यात बुडवून म्हणाला, "रेस द्या." मी रेस देत राहिलो आणि तो ओला तळवा एकेका नळीजवळून हळूच फिरवत गेला, तापलेल्या लेकराचं अंग बघावं तसा. एका जोडापाशी थांबला.

"हितनं हवा निसटतीय, ओल्या हाताला गार लागतंय. कुणी खोललतं?"

"शोरूमवाल्यांनी," मी ठोकून दिलं.

त्याने माझी नखं पाहिली. "शोरूमवाले नखं लई काळी ठेवत्यात बगा."

त्या जोडावरची मी ढिली सोडलेली पट्टी त्याने आवळली. मी घाईने निघालो, तर त्याने साबण पुढे केला. "आदी हात धुवा, मामा. पोरीच्या शालूला काळं लागंल."

मी मांडवात शिरलो तेव्हा गुरुजी मामांना तिसऱ्यांदा पुकारत होते.

ती गाडी कधीच विकली. मिस्त्रीही आता तिथे दिसत नाही. लग्नाचा फोटो निघाला की सगळे भाचीकडे बघतात. मी तिच्या खांद्यावरचे माझे हात बघतो.