गवताचा कावळा

हे मी कुणापुढे बोललेलो नाही — बायकोपुढे नाही, देवापुढेही नाही. त्याला ठाऊक असेल तर असो.

मी गवताचा व्यापारी. मुरबाडच्या माळावरचं गवत मुंबईच्या तबेल्यांना विकून उभा राहिलो. त्याच कमाईवर धाकट्या बहिणीला, सुमनला, शिकवलं. आणि तिने? आटगावच्या बौद्धवाडीतल्या मुलाशी लग्न केलं, मला न विचारता. विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. पण विचारलं नाही, ते अजून सलतं. सगळ्यांत एकच आत्मा आहे, असं पोथीत आहे. दर एकादशीला मी ते मोठ्याने वाचायचो — आणि तिला दार बंद केलं होतं.

मग बाबा अंथरुणाला खिळले. एका दुपारी म्हणाले, "सुमीला बलव रे."

मी ओटीवर गेलो. फोन कानाला लावला — नंबर लावलाच नाही. आत येऊन सांगितलं, ती नाय येत म्हणते. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पुन्हा तिचं नाव घेतलं नाही.

दहाव्याला काळू नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळे उंबरावर बसून, एकही शिवेना. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं, हे आमच्याकडे पोरंही जाणतात. इच्छा कोणती, ते मला एकट्याला ठाऊक. मी हात जोडून मनात बोलू लागलो. आधी कमी भाव बोलायचा, ही धंद्याची खोड. अन्नदान करतो. गाय देतो. देवळाला फरशी घालतो. कावळे हलेनात.

सुमन लांब उभी होती. काका कडाडले, "बाप बलवत व्हता तवा नाय आली, आता कशाला आली गो?"

"मला कुनी बलवलं?" ती म्हणाली. "दादा?"

सगळे माझ्याकडे वळले. कावळ्यांना एवढंच तर हवं होतं ना — माझा एक खरा शब्द?

"फोन केलता मी," मी म्हणालो.

ती वळून निघून गेली.

कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा करतात. तो मीच वळला. गवत हाताच्या ओळखीचं. पिंडाला टेकवला, झालं.

केलेलं कर्म भोगावंच लागतं, या जन्मी नाही तर पुढच्या — तेही वाचलंय. तिथेही मी पुढच्या जन्माची मुदतच शोधली.

गावात अजून सुमनलाच खोटी म्हणतात. माझ्यासमोर म्हणतात. मी ऐकून घेतो.