होता होता राहिलं

लोणच्याला बरणी लागते, किस्स्यांना लागत नाही. हॉस्पिटलात वीसेक वर्षं काढली की ते एप्रनच्या खिशात आपोआप साठतात. पेन, चिकटपट्टी, आणि तळाशी चुरगळलेला एखादा किस्सा.

मी सुनंदा. आधी लातूरला होते, आता नांदेडच्या एका खाजगी हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टर आहे. माझ्या ताब्यात एक वही आहे. इंग्रजीत तिचं नाव लांबलचक आहे, पण आमच्या सगळ्या बाया तिला ‘होता होता राहिलं’ म्हणतात. पेशंटचं काहीतरी भयंकर होणार होतं आणि थोडक्यात राहिलं, की ते तिच्यात लिहायचं. चुकणाऱ्याला रागवायचं नाही, हा तिचा नियम.

घरी मी यातलं काही बोलत नाही. एकदा बोलले, तर सासूबाईंनी महिनाभर बीपी मोजायला हात पुढं केला नाही! तुम्ही आपली माणसं म्हणून सांगते. हसू येईल तुम्हाला. मलाही येतं, पण घाम फुटून झाल्यावर.

*

आमच्या वॉर्डात एकाच वेळी दोन प्रयागबाई होत्या. मुदखेडच्या प्रयागबाईला शुगर. हदगावच्या प्रयागबाईला जुलाब होऊन अशक्तपणा आलेला, चार दिवस पोटात धड अन्न नाही.

दुपारी जेवणाआधी एक सिस्टर इन्सुलिन भरून निघाली आणि हदगाववालीपाशी जाऊन थांबली.

“प्रयागबाई ना तुम्ही?”

“हाव.”

“शुगर हाय ना तुम्हाला?”

“हाव.”

“जेवण आलं का?”

“हाव.”

मी शेजारच्या बेडवर सलाइन बघत होते. शेवटचं ‘हाव’ ऐकून मी मान वर केली. कारण जेवणाची गाडी अजून वॉर्डात आलीच नव्हती! मी धावत जाऊन सिस्टरचा हात धरला. सुई म्हातारीच्या दंडापासून चार बोटांवर होती. आधीच उपाशी असलेल्या त्या जिवाला ते इन्सुलिन गेलं असतं, तर शुगर एकदम उतरून ती शांत पडून राहिली असती आणि आम्ही म्हणालो असतो, मावशींना झोप लागली वाटतं.

मी आवाज जमेल तितका साधा ठेवून विचारलं, “मावशी, तुम्ही गोपाळराव आहात का?”

“हाव!”

“अहो, मग सगळ्याला हाव का म्हणायलात?”

म्हातारी सुईकडं बघत म्हणाली, “हातात सुई घेतलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणावं, बाई?”

आता आमच्याकडं “तुम्ही अमुक का?” असं कुणी विचारत नाही. “तुमचं नाव सांगा,” म्हणायचं, आणि हातावरची पट्टी वाचायची.

*

जळकोटचे माधवराव पायाची जखम चिघळली म्हणून आले. फॉर्म भरताना मी विचारलं, “कशाची अ‍ॅलर्जी?”

“न्हाई.”

“कोणत्या औषधानं त्रास झाला होता?”

“न्हाई, न्हाई. तसलं काई न्हाई.”

मी ‘नाही’ लिहिलं, लाल पेनानं सही केली. इंजेक्शन तयार झालं. तेवढ्यात त्यांची बायको ताटलीत शेंगदाण्याची चटणी काढता काढता सहज म्हणाली, “ते पिवळ्या पावडरचं नका देऊ बरं का. त्यान्ला गरम पडतंय.”

“गरम म्हणजे?”

“आता गरम म्हणजे गरम! मागं दिलं तर तोंड ह्ये एवढं सुजलं. जीभ भाईर आली. घशातून कुत्र्यावानी आवाज यायला. जीपमधी घालून उदगीरला न्यावं लागलं.”

माझ्या हातात तीच पिवळी पावडर होती. पाणी घालून विरघळवलेली, सिरिंजमध्ये भरलेली. मी ती ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे लांब सरकवला. 

“माधवराव, हे आधी का नाही सांगितलं?”

ते चिडले. “तुम्ही कुठं इचारलाव गरम पडतंय का म्हणून? तुम्ही अलर्जी इचारलाव. ती मला न्हाईच!”

फॉर्मवर आता तो प्रश्न मी स्वतः हातानं लिहिते: ‘कोणतं औषध गरम पडतं का?’

*

हा तिसरा माझा स्वतःचा. मी लातूरला नवी होते तेव्हाचा.

पोटॅशियमचं इंजेक्शन असतं. सलाइनच्या बाटलीत मिसळून थेंब थेंब सोडलं तर औषध. सरळ शिरेत दिलं तर हृदय थांबतं. आणि त्याची काचेची नळी त्या काळी आमच्या ट्रेमध्ये साध्या पाण्याच्या नळीशेजारीच पडलेली असायची. दोन्ही तेवढ्याच, दोन्हींतलं पाणी सारखंच.

एक टेलरचाचा अ‍ॅडमिट होते. त्यांची मुलगी शबाना दिवसभर उशाशी बसायची. सकाळी अकराचा सुमार, वॉर्ड भरलेला. चाचांच्या हाताला लावलेली सुई पाणी सोडून मोकळी करायची होती. मी नळी फोडली, सिरिंज भरली, हात पुढं केला.

शबाना म्हणाली, “सिस्टर, काल नळीवर आसमानी रेघ होती. ही जांभळी हाय.”

“एकच असतंय ते.”

“न्हाई हो. मी दुकानात धाग्याची रिळं लावते. आसमानी येगळा, जांभळा येगळा.”

मी वैतागून ट्रेमधली फोडलेली नळी उचलली आणि नाव वाचलं.

वाचल्यावर काय झालं ते मला नीट आठवत नाही. मी खाली फरशीवर बसले होते आणि शबाना मला पाणी पाजत होती. चाचा विचारत होते, “बेटी को क्या हुआ?”

त्यांना काही झालं नव्हतं. सिरिंज माझ्या मुठीत तशीच भरलेली होती. मूठ उघडायला दोघी लागल्या.

मी सगळं कागदावर लिहून मेट्रनबाईंकडं दिलं. त्यांनी वाचून कागद उलटा ठेवला.

“येडी झालीस का? पेशंट ठणठणीत हाय. कुणी पाह्यलं न्हाई. नोकरी जाईल!”

“पाह्यलंय की बाई.”

“कुणी?”

“मी.”

 मेट्रनबाई उठल्या, स्वतः वॉर्डात गेल्या, ट्रेमधल्या सगळ्या जांभळ्या नळ्या वेचल्या आणि कपाटात कुलूपबंद केल्या. नोकरी राहिली. पण आजही नळी फोडायच्या आधी मी नाव मोठ्यानं वाचते. नवे पेशंट घाबरतात, सिस्टरला वाचता येत नाही की काय!

*

सांधेदुखीची एक गोळी असते, आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर विष. अर्धापूरकडचे एक आजोबा ती घेऊन घरी गेले आणि पंधरा दिवसांनी परत आले. तोंडभर फोड, पाणी गिळता येईना, अंगात ताप, रक्तातल्या पेशी तळाला.

मी पाकीट बघितलं. रिकामं!

“आजोबा, आठवड्यातून एक सांगितलं होतं ना?”

फोडांमुळं त्यांना बोलणं अवघड जात होतं. तरी बोलले. “आठवड्याला कुठं औषध असतंय व्हय? आठवड्याला बाजार असतोय!”

तीन आठवडे ते आमच्याकडं होते. त्यांतले पहिले आठ दिवस रोज सकाळी वॉर्डात शिरताना मी आधी त्यांच्या बेडवरची चादर बघायची, हलते का. वाचले. जाताना मी चिठ्ठीवर काय लिहावं या विचारात होते, तर त्यांच्यासोबतची आजीच म्हणाली, “बाई, तुमच्या गोळ्यावर ‘बाजारच्या दिशी’ असं लिवा. मी बाजार कवाच इसरत न्हाई.”

तेव्हापासून आम्ही तसंच लिहितो. डॉक्टर लोक आधी हसले. आता तेही तसंच सांगतात.

*

सतरा सप्टेंबर म्हणजे आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आणि जगभर त्याच दिवशी रुग्णसुरक्षेचा दिवस पाळतात! त्यामुळं आमच्याकडं सकाळी झेंडावंदन होतं आणि नंतरच्या कार्यक्रमाला चार बाया आणि एक माईकवाला उरतो. या दिवसाचा रंग नारिंगी, म्हणून एका वर्षी मी दारावर नारिंगी पडदे लावले, तर एक काका विचारायला आले, “सिस्टर, तिकीट कुणाला मिळालं?”

त्या वर्षी दुपारी व्हिडिओवर देशोदेशीच्या नर्सेसची सभा होती. मी आणि फरिदाबाजी एका मोबाइलपुढं बसलो. फरिदाबाजी म्हणजे आमच्या ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज. आफ्रिकेतली एक सिस्टर बोलायला लागली. इंग्रजी भराभर होतं, अर्धं डोक्यावरून गेलं. मग तिनं दोन काचेच्या नळ्या कॅमेऱ्यापुढं धरल्या.

मला पुढचं भाषांतर लागलं नाही. 

तिचा पेशंट एकोणीस वर्षांचा होता. तिथं उशाशी कुणी बसलेलं नव्हतं.

ती बोलायची थांबली तेव्हा पडद्यावरच्या तीस-चाळीस चौकोनांत कुणीच हलत नव्हतं. कुठल्या कुठल्या देशांच्या बाया, आणि सगळ्यांचा हात तोंडावर. फरिदाबाजी हळूच म्हणाल्या, “सुनंदा, म्हणजे ही चूक सगळीकडंच हाय गं.”

*

आणि हा फरिदाबाजींचा.

पाटील मॅडम आमच्या बाळंतपणाच्या डॉक्टर. हात असा चालतो की बघत राहावं. बाजी आणि त्या पंधरा वर्षं एका टेबलावर. त्या दिवशी भोकरकडची पोर सिझेरियनला घेतली. बाळ निघालं, रडलं, आणि मग रक्त थांबेना. मॉपवर मॉप भिजत होते. मॉप म्हणजे रक्त टिपायचे जाड कापडी रुमाल. किती आत गेले आणि किती बाहेर आले हे फळ्यावर लिहायला मला वॉर्डातून बोलावलं होतं.

शेवटी रक्त आटोक्यात आलं. मॅडमनी हात पुढं केला. “बाजी, सुई द्या.”

बाजी मोजत होत्या. “मॅडम, नऊच हायत. दहा उघडले होते.”

“परत मोजा.”

परत मोजले. नऊ. मी बादली उपडी केली, टेबलाखाली शोधलं, माझ्या चपलेचा तळ बघितला. नऊ.

भूलतज्ज्ञ म्हणाले, “बीपी उतरतंय. आटपा.”

“आत काही नाही,” मॅडम म्हणाल्या. “मी बघितलंय. सुई द्या.”

“दहा उघडले होते, मॅडम.”

“बाजी, पोरगी टेबलावर जाईल! सुई द्या!”

फरिदाबाजींनी सुई-दोऱ्याचा ट्रे उचलून छातीशी धरला आणि एक पाऊल मागं सरल्या. मास्कच्या वर त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. “एक डाव बघा. नसला तर उद्या मला काढून टाका.”

मॉनिटर वाजत होता. ठोके वाढत चालले होते. मी फळ्यावरचा आकडा पुन्हा वाचला. बाजी चुकल्या असतील तर? मीच नऊचे दहा लिहिले असतील तर? आणि त्या शोधाशोधीत पोरगी गेली तर?

मॅडमनी पुन्हा आत हात घातला. डाव्या बाजूला, पार खोल, आतड्याच्या मागं. त्यांचा चेहरा दिसत नव्हता. हात तेवढा थांबलेला दिसला.

मग तो बाहेर आला. त्यात लालभडक, बोळा झालेला मॉप.

मॅडमनी तो ट्रेजवळ ठेवला. “मोजा,” म्हणाल्या.

“दहा,” बाजी म्हणाल्या, आणि सुई दिली.

तासाभरानं पोरगी शुद्धीवर आली. बाहेर तिची सासू बर्फीचा पुडा उघडून उभीच होती. नात झाली म्हणून आख्ख्या व्हरांड्याला वाटत होती. मॅडम दिसल्या तशी पळत आली. “घ्या बाई, पयली तुम्ही घ्या!”

मॅडमनी मागं वळून बाजींकडं बोट केलं. “पहिली त्यांना द्या.”

सासूनं बाजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “का? ह्यांनी काय केलं?”

मॅडम म्हणाल्या, “मोजलं.”