वैशाखातली टेकडी

माझे मेहुणे शेषराव भाऊजी गेल्याची तार मला बुलढाण्याला ऑफिसात मिळाली. मी आरेखक आहे. नकाशे काढणं आणि क्षेत्र मोजणं हे माझं काम. दुसरबीडला एस.टी. सोडून पायी त्यांच्या गावी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. सकाळी गोठ्यातून आले, ओसरीवर बसले, पाणी मागितलं... अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं. साठीसुद्धा गाठली नव्हती. त्याचं दुःख घरातल्या घरात आहे. इथे लिहितो आहे ते रागानं. कारण ते गेल्याच्या नवव्या दिवशी पोस्टमननं त्यांच्याच नावाचं सरकारी पत्र आणून दिलं. गावच्या टेकडीबद्दल त्यांनी हरकत घेतली होती, तिची सुनावणी फाल्गुनात ठेवली होती. 'अर्जदाराने समक्ष हजर राहावे.' आठ महिने एका ओळीचं उत्तर न देणाऱ्यांना आता सवड झाली होती.

ही टेकडी मी अक्काच्या लग्नात पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यावर मुरूम आणि दगड यांशिवाय काही नव्हतं. गाव तिला बोडखी म्हणायचं. पुढे भाऊजींनी गावातल्या पंधरा-वीस घरांना बसवून ठरवून घेतलं की, टेकडीवर गुरं सोडायची नाहीत, कुऱ्हाड न्यायची नाही. गवत दिवाळीनंतर विळ्यानं कापायचं आणि घरटी भारे वाटून घ्यायचे. बारा वर्षं हे चाललं, आणि गवताबरोबर सालईची झाडंही वाढली. पहिली तीन वर्षं लोकांच्या शिव्या खाण्यात गेली. एकदा त्यांच्या सख्ख्या चुलतभावाची म्हैस टेकडीवर सापडली तर ती त्यांनी स्वतः कोंडवाड्यात नेऊन घातली. चुलतभाऊ दोन वर्षं बोलला नाही.

मला मात्र कौतुक वाटायचं ते त्यांच्या मोजण्याचं. मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव त्यांनी ठेवून घेतली होती. दर पावसाळा सरला की ती घेऊन टेकडी चढायचे. पंचवीस जागा ठरलेल्या होत्या, प्रत्येक जागी दगडाला चुन्याची खूण. तिथे धाव जमिनीवर टाकायची आणि तिच्या आत किती जातींचं गवत आहे ते बोटांवर मोजायचं. पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी एक जात, तीही कुसळी. शेवटच्या वर्षी मी बरोबर होतो, एका धावेत नऊ जाती मोजल्या. पवन्या, मारवेल, शेडा... बाकीची नावं मला येत नाहीत. खालून कुणीतरी ओरडायचं, "काऊन शेषराव, गाडी कुठी पलटी झाली बे? नुसती धावच घेऊन फिरून राह्यला!" हे वरून ओरडायचे, "तुह्या म्हशीले इचार, दूध कशानं वाढलं ते!"

आता माझा भाग. उपग्रहानं आकाशातून घेतलेली चित्रं आमच्याकडे आली तेव्हा ऑफिसात सणासारखं वातावरण होतं. जिल्ह्यातली पडीक जमीन या चित्रांवरून शोधायची आणि तिथे निलगिरी लावायची, अशी योजना होती. त्या चित्रांत हिरवा पाला तांबडा दिसतो. जितकी झाडी दाट तितका रंग गडद, आणि उघडी जमीन राखाडी. चित्रावर पारदर्शक कागद ठेवून राखाडी भाग आखायचा, वर ठिपक्यांची चौकट ठेवायची, ठिपके मोजायचे. सिंदखेडराजा तालुक्याचं काम माझ्याकडे होतं. मी प्रत्येक आकडा तीनदा मोजला. भाऊजींची टेकडी माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी होती, राखाडी होती, आणि मी तिच्यावर स्वच्छ अक्षरात 'पडीक' लिहिलं. ती त्यांचीच टेकडी आहे हे मला माहीत होतं. तरी लिहिलं. चित्र खोटं बोलत नाही अशी माझी समजूत होती.

भाऊजी काही कामानं बुलढाण्याला आले तेव्हा मीच त्यांना हौसेनं ऑफिसात नेऊन ते चित्र दाखवलं. चष्मा नाकावर ढकलून ते बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"साळेबुवा, आपली टेकडी कुठी हाये याच्यात?"

मी बोट ठेवलं.  मग ते कोपऱ्यातल्या बारीक आकड्यांकडे बोट करून म्हणाले, "हे काय लिहेल हाये?"

"तारीख. चित्र काढलं त्या दिवसाची."

"कोनता महिना?"

"मे."

"म्हंजे वैशाख." ते सरळ झाले. "अरे, वैशाखात सालईवर पान तरी राह्यते का? अन् गवत तं आमी दिवाळीनंतर कापून नेलं. घर झाडून पुसून ठेवलं अन् तू म्हनतं घर रिकामं हाये!"

मी म्हणालो, "भाऊजी, मी तीनदा मोजलंय. आकडा बरोबर आहे."

"आकडा तं बरोबरच हाये तुहा. पन कोन्या महिन्याचा हाये ते तू पाह्यलंच नाही ना."

बाजूच्या टेबलावरचे दोघे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. पावसाळ्यात ढग असतात, उन्हाळ्यात आभाळ स्वच्छ, म्हणून सगळ्या जिल्ह्याला उन्हाळ्यातलीच चित्रं वापरली होती. त्यानं ओलिताची शेतं नीट दिसली असतील, पण पानगळीचं जंगल आणि बोडका माळ एकाच रंगाचे झाले. हे माझ्यासकट आम्हा शिकलेल्या सहा माणसांच्या डोक्यात आलं नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या एका मिनिटात आलं. आणि चीड येते ती पुढच्या गोष्टीची. ज्या पत्र्याच्या नळीतून ते चित्र आलं होतं, त्याच नळीत कार्तिकातलं दुसरं चित्र होतं. मी ते उलगडून पाहिलं. टेकडी पळसाच्या फुलासारखी तांबडी होती. वरिष्ठांना दाखवलं. ते म्हणाले, "अहवाल वर गेलाय. आता एका टेकडीसाठी सगळा जिल्हा पुन्हा मोजायचा का?" मी चित्र गुंडाळून परत नळीत ठेवलं. भाऊजींना इतकंच म्हणालो की, तुम्ही हरकतीचा अर्ज करा. अर्ज मीच लिहून दिला, पण त्या चित्राचा त्यात उल्लेख केला नाही. नोकरी होती.

त्यानंतर ते आठ महिने तालुक्याला खेटे घालत राहिले. धाव खांद्याला अडकवून साहेबांना दाखवायला घेऊन जायचे. शिपाई दारातच अडवायचा, "हे लोखंड बाहेर ठेवा." आत गेल्यावर साहेब विचारायचे, "तुमच्याकडे पुरावा काय?" पुरावा दाराबाहेर भिंतीला टेकलेला. येत्या ज्येष्ठात खड्डे खणायचं ठरलं होतं. निलगिरी लावायची म्हणजे आधी गवत मुळासकट काढायचं, बारा वर्षांचं.

सुनावणीला अक्का आणि मी गेलो. साहेबांनी कागद चाळला आणि म्हणाले, "अर्जदार मयत आहे. मयत व्यक्तीचा अर्ज चालवता येत नाही. निकाली."

अक्कानं डोक्यावरचा पदर नीट केला. "मानूस मेला, सायेब. टेकडी हाये तिथंच हाये."

"बाई, कायदा आहे."

"मंग माह्या नावानं लिहा. माह्या घरचा भारा येते तिथून. मी काही मेली नाही अजून."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, हिला आवरा अशा अर्थानं. मी खिशातून कागद काढला. आदल्या आठवड्यात कार्तिकाच्या चित्रावर तीच ठिपक्यांची चौकट ठेवून मी टेकडी पुन्हा मोजली होती. राखाडी ठिपके अठ्ठावीसपैकी तीन. खाली लिहिलं होतं की, आधीची नोंद मी स्वतः केली, ती चुकीच्या महिन्याच्या चित्रावरून केली आणि ती चूक आठ महिने दडवली. सही, हुद्दा, तारीख.

"मेहुण्याची टेकडी म्हणून का?" साहेब म्हणाले.

"मोजून पाहा," मी म्हणालो. 

खड्ड्यांचं काम तूर्त थांबवलं आहे. पावसाळ्यानंतर प्रत्यक्ष पाहणी करून निर्णय होईल, असा शेरा आहे. मला खुलासा मागितला आहे, तो मी दिला आहे. बाकीच्या तालुक्यांत अशा किती टेकड्या राखाडी रंगात गेल्या, ते कुणी मोजलेलं नाही. मोजावं असं कुणाला वाटतही नाही.

परवा अक्काकडे गेलो होतो. भाऊजींचे कपडे तिनं बांधून गरजूंना देऊन टाकलेत. एक धोतर तेवढं ओसरीतल्या खुंटीवर आहे, जायच्या आदल्या दिवशी टेकडीवर नेसून गेले होते ते. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापून उरलेल्या गवताची कुसळं नुसती टोचून बसलीत, हात लावला तर बोटात घुसतात. मी म्हटलं, "अक्का, धुऊन तरी ठेव."

"नाही धुत," ती म्हणाली. "कार्तिकात सायेब येनार हाये ना पाह्यले? चहा ठेवीन, अन् हे मांडीवर देईन. म्हनीन, तुमच्या पडीक जमिनीवरचं हाये, बसा येक येक काढत."