सीडीवरचं इंटरनेट

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा आधी नारळ फुटला, मग हार चढला आणि मग कॉम्प्युटर कापडाखाली गेला. खोलीबाहेर चपला काढायच्या, असा नियम मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी केला. मी पुस्तकं वाचणारा मास्तर, असल्या थाटाला मनात हसायचो. चपला मात्र काढायचो.

दोन हजारच्या दशकातली ती मधली वर्षं. शाळा जवळा बाजारच्या अलीकडे. इंटरनेटसाठी टेलिफोनची तार भिंतीपर्यंत आली होती, पण ती मुकीच होती. अशात जिल्ह्याच्या शिक्षण खात्याचं पत्र आलं, की वर्गात इंटरनेटवरून कसं शिकवता ते बघायला साहेब येणार आहेत.

मुख्याध्यापक म्हणाले, "तार बंद हाय हे आता सांगून काय फायदा, सर? आपण तर तिमाहीच्या अहवालात चालू दाखवली."

अहवाल माझ्याच अक्षरातला होता. मग मी हिंगोलीच्या नेट कॅफेत बसून भूकंपावरची अकरा पानं सीडीवर उतरवून आणली. एकावर क्लिक केलं की दुसरं उघडेल, अशी ती जोडून घेतली. बघणाऱ्याला वाटावं, थेट जगातून येत आहेत. या उद्योगाला मी 'पूर्वतयारी' म्हणत होतो.

करून दाखवायला सातवीतली एक मुलगी निवडली. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून चालत यायची. न अडखळता माऊस चालवणारी वर्गात ती एकटीच. तपासणीनंतर साहेब एका विद्यार्थ्याचं नाव जिल्ह्याच्या कॉम्प्युटर शिबिरासाठी नेणार होते आणि ते हिचंच असणार, हे ठरल्यासारखं होतं. तिचा बाप शाळेत येऊन विचारून गेला होता, "पोरीला ऱ्हायाची सोय बराबर हाय ना, गुरुजी?"

साहेबांसमोर तिने अकराही पानं सफाईने उघडली. साहेब खूश झाले. म्हणाले, "आता तुझ्या मनातलं काहीतरी शोध बाळ. यात सगळं जग आहे."

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "यात अकराच पानं हायेत. सरांनी हिंगोलीहून आणलेली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तार बंद आहे, एवढं तीन शब्दांचं वाक्य मला बोलायचं होतं. मी म्हणालो, "लेकरू जरा कच्चं आहे, साहेब. तांड्यावरचं आहे. समजायला वेळ लागतो."

'तांड्यावरचं' एवढं पुरे होतं. ते पुरे होईल, हे मला बोलण्याआधीच माहीत होतं. साहेबांनी समजूतदारपणे मान हलवली. शिबिरासाठी मुख्याध्यापकांनी दुसऱ्या मुलाचं नाव पुढे केलं. माझ्या नावापुढे 'उपक्रमशील शिक्षक' असा शेरा पडला. मुलगी कापड नीट पसरून वर्गात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी बाप आला. भांडायला आला असता तर बरं झालं असतं.

"गुरुजी, पोरगी कच्ची हाय म्हने?"

"नाही हो. वर्गात तिच्याइतकी हुशार कुणी नाही."

"मंग काल काहून तसं म्हनले?"

"काल साहेब होते."

"तिच्या मायचं म्हननं हाय, शिबिरात घेईनात तर कशाला धाडायची शाळेत. सातवी झाली की बस झालं. मी म्हनलं, गुरुजीला इचारून येतो. हुशार असंल तर साहेबाला तसं लिहून द्या. तिच्या मायला दाखवतो."

मी म्हणालो, "मुख्याध्यापकांना विचारून सांगतो."

"बराबर," म्हणून तो गेला. मी कुणालाच विचारलं नाही. उन्हाळ्यात तो तिचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आला, तेव्हा मी खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून होतो. तो ऑफिसातून निघून जाईपर्यंत बाहेर आलो नाही.