गोळा न होणारं मीठ

“मी घरी खातो तेच तुमाले देतो,” असं म्हणत ते पारड्यात माल टाकायचे आणि म्हणताना गिऱ्हाइकाकडे न पाहता तराजूच्या काट्याकडे पाहायचे. आंधळगावात माझं शिवणकामाचं दुकान होतं, समोर त्यांचं किराण्याचं. मशीन चालवता चालवता मी हे वाक्य दिवसभर ऐकायचो. गाव त्यांना भाऊजी म्हणे, मीही म्हणे. तुमच्याही गावात असा एखादा दुकानदार असेल, ज्याच्याकडे आंधळ्या माणसानंही बिनघोर सौदा घ्यावा.

आमच्याकडे तलाव पुष्कळ. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ढिवर मंडळी मासे काढत. विकून उरलेले चिरून, मीठ भरून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वाळवत. ते मीठ भाऊजींकडचं असे. तेव्हा मीठ म्हणजे खडे मीठ. पावसाळ्यात त्याला पाणी सुटे आणि भाऊजी लोखंडी कांबीनं ढेकळं फोडत बसत. वर म्हणत, “मीठ विकून राहिलो का गोटे फोडून राहिलो, समजत नाही.”

ऐंशीच्या आसपास, एका पावसाळ्यात त्यांनी तुमसरहून नवं मीठ आणलं. बारीक, पांढरंशुभ्र. मला हाक मारून त्यांनी मूठभर मीठ बोटांतून सोडून दाखवलं.

“पाहा मास्तर, भर श्रावणात बी गोळा होत नाही.”

“काहून होत नाही?”

“व्यापारी म्हणते, त्यात दवाई टाकतेत.”

ते हसले; पण हात मात्र धोतराला पुसला.

पुढच्या उन्हाळ्यात ढिवर मंडळींनी तेच मीठ नेलं. थोड्याच दिवसांत ढिवर मोहल्ल्यातल्या कौतिकाबाईचा नवरा सोमाजी गेला. घरची वाळलेली मासोळी खाल्ली, उलट्या सुरू झाल्या, भंडाऱ्याला नेईपर्यंत अंगात काही उरलं नव्हतं. खाण्यातून विषबाधा, एवढंच डॉक्टर म्हणाले. कशानं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मासा नीट वाळला नसेल, आधीच नासका असेल, काहीही असेल.

भाऊजींच्या डोक्यात मात्र ‘दवाई’ हा शब्द शिरला तो निघाला नाही. पुडीत मीठ बांधून ते तुमसरच्या कॉलेजात रसायन शिकवणाऱ्या सरांकडे गेले, मला सोबत घेऊन. सर भले होते. मीठ मोकळं राहावं म्हणून घालतात त्या पदार्थाचं नाव त्यांनी सांगितलं. त्या लांब नावात ‘सायनाइड’ होतं. भाऊजींचा चेहरा उतरलेला पाहून सर घाईनं म्हणाले, “नावाला घाबरू नका. हे ते विष नव्हे. ठरलेल्या प्रमाणात घातलं तर अपाय होत नाही.”

“जेवणात चिमूटभर पडते, सर. मासोळीले तर पोत्यानं लागते. अन् बनवणाऱ्यानं ठरल्यापेक्षा जास्त टाकलं असंल तर?”

“ते तपासल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही.”

मग भाऊजी नागपूरला जाऊन आले. तिथल्या अन्न तपासणीच्या कचेरीत सांगितलं, असा कुणीही आणलेला नमुना आम्ही घेत नाही. पुडी तशीच खिशात परत आली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी बैलबंडी घेऊन ढिवर मोहल्ल्यात गेले आणि उरलेलं मीठ घरोघरून परत घेतलं. “खराब आहे असं नाही म्हणत,” ते प्रत्येक दारात सांगत होते, “पण चांगलं आहे असं बी मले सांगता येत नाही.”

लोकांनी यातलं दुसरं तेवढं ऐकलं. खराब नव्हतं तर परत कायले नेलं, असं पारावर बोललं जाऊ लागलं. मिठानंतर त्यांची डाळ पडून राहिली, मग तेल. दुसऱ्या दुकानात तेच मीठ आलं होतं, तिथून लोक बिनबोभाट नेत. मी एकदोघांशी वाद घातला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पिशवी घेऊन तिकडेच गेले.

एक दिवस कौतिकाबाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. मी मशीन थांबवलं.

“तुमाले मालूम होतं का?” तिनं विचारलं.

“नाही, बाई. अजून बी मालूम नाही.”

ती पायरीवरूनच वळून निघून गेली. भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं.

दोन वर्षं त्यांनी रेटली. मग सानगडीला लेकीकडे जायचं ठरवलं. सामान गाडीत भरत होते तेव्हा लोक दारांत उभे राहून पाहत होते. मी आणि भाऊजी लाकडी पेटी उचलत होतो, ती उचलेना. तेव्हा कौतिकाबाई आली आणि तिनं पेटीचं एक टोक धरलं. पेटी वर चढल्यावर पदरानं हात पुसत म्हणाली, “माह्या बुढ्याले कायनं नेलं, मले समजलं नाही. पण इचारत फिरले ते तुमीच.”

भाऊजींनी हात जोडले.

भाऊजी वारल्याची बातमी सानगडीहून पुढच्या हिवाळ्यात आली. कौतिकाबाईला सांगायला मीच तलावावर गेलो. ती पाळीवर बसून वाळत घातलेले मासे उलटत होती. ऐकून तिचे हात थांबले.

“त्यायले भेटलं होतं का उत्तर?” तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पुढचा मासा उलटला.