भोक न पडलेला डबा

गाडीत तेल ओतून झालं की इब्राहिमचाचा रिकाम्या डब्याच्या बुडाला स्क्रूड्रायव्हरनं भोक पाडायचे. दहिवलीतल्या त्यांच्या गॅरेजात हा नियम कुणासाठीही मोडत नसे. धड डबा बाहेर गेला की त्यात जळकं तेल भरून नवं म्हणून विकणारे असतात, हे त्यांना माहीत होतं. ओतण्याआधी ते डब्यावर काळ्या पेनानं त्या गाडीचे किलोमीटरही लिहीत. कुठला डबा कुठल्या गाडीत गेला, हे गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

माझ्या जुन्या जीपला त्यांनी कधी सिंथेटिक लागू दिलं नाही. “मास्तर, मिनरल जमिनीतून काढून गाळलेलं. सिंथेटिक कारखान्यात बनवलेलं, तापलं तरी लवकर पातळ व्हत नाय. पन तुमच्या म्हातारीला ते पचायचं नाय, जुन्या सीलातून गळंल. आदी इंजिनाचं वय सांगा, मग तेल मागा.” पुढे नवी गाडी घेतली. फुकटच्या सर्व्हिसिंग संपल्यावर ती चाचांकडे नेली आणि काटकसर म्हणून मिनरल मागितलं, तर माझ्यावरच खेकसले, “पेज पाजून पैलवान करताय व्हय?”

त्या दिवशी सिंथेटिक गेलं. डब्यावर २२४०० लिहिलं होतं. कुणीतरी हाक मारली म्हणून चाचा वळले आणि मी तो डबा गुपचूप डिकीत टाकला. झाकण घट्ट होतं, पाणी ठेवायला बरा, एवढाच विचार. वर्षभरानं मीच तो रद्दीबरोबर भंगारवाल्याला दिला.

मग एके सकाळी कळंबचा दत्ता पाचसहा माणसं घेऊन गॅरेजवर आला. हायवेवरच्या कुठल्याशा दुकानातून त्यानं स्वस्तात सिंथेटिक आणून टेंपोत घातलं होतं आणि चढणीवर इंजिन जाम झालं. डबा त्याच्या हातात होता. वरचं स्टिकर सोलल्यावर खाली चाचांचं अक्षर निघालं होतं.

“रिकामे डबे इकतोस काय रं त्या चोरांना?” दत्ता ओरडला.

चाचांनी आकडा वाचला, २२४००. मग माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच बाकावर बसलो होतो, गावात शब्दाला मान असलेला मुख्याध्यापक. मी मान खाली घातली.

“डबा माझ्याकडचाच हाय,” चाचा म्हणाले. “भोक पाडायचं राह्यलं.”

गिऱ्हाईक तुटायला फार दिवस लागले नाहीत. गॅरेज बंद झालं. मला स्वतःची किळस येई, आणि त्यातही एक आधार होता: चाचांनी मला वाचवलं, म्हणजे त्यांनी माफ केलं असणार. ते मुलाकडे राहायला निघाले तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो.

“चाचा, त्या दिवशी माझं नाव घेतलं नाहीत. मोठं मन तुमचं.”

“कसलं मन, मास्तर?” ते पिशवीची गाठ मारत म्हणाले. “मी नाव घेतलं आसतं तर तुमी नाय म्हनला आसता. आन् लोकांनी तुमचंच खरं मानलं आसतं.”

तसं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.