कपबश्यांच्या सेटपायी जमलेली सोयरीक

आमच्या शेवंतीचं लग्न माझ्यामुळं जमलं, असं मी सांगतो. माझ्यामुळं मोडत होतं, असं घरचे सांगतात.

मी नुकताच मॅट्रिक झालो होतो आणि इंग्रजी शब्दकोश आणून आख्ख्या कडाव गावाला पिडत होतो. अशात लोधिवलीची मंडळी माझ्या बहिणीला बघायला आली. मुलगा, त्याचे वडील आणि मामा. स्थळ लाखात एक! पण त्यांची रीत कडक. सोयरीक ठरेपर्यंत मुलीकडचं मीठ खायचं नाही! गोड म्हणून चहा तेवढा चालायचा.

चहा पिता पिता मामा सहज म्हणाले, "कपबश्यांचा सेट झ्याक हाय हो!"

झालं! माझ्या अंगातच आलं.

"मामा, सेट शब्दाची गंमत म्हायतीय का? सूर्य मावळला, सेट! दही लागलं, सेट! मोडलेलं हाड बसवलं, तरी सेट!"

"आसं का?" मामा म्हणाले. (भला माणूस. इथंच चुकला.)

"पुढं तर ऐका! बसवायचा सेट इंग्रजांच्या घरचा, पण हा कपबश्यांचा सेट लॅटिनातून फ्रान्समार्गं आलाय! दोघं सख्खे भाऊच नव्हेत!"

"आरं, पुरं कर रं," आमचे वडील, अप्पा, दातओठ खात पुटपुटले. मी शब्दकोशच काढला! नाटकाचा सेट, रेडिओचा सेट, दागिन्यांचा सेट...

बाहेर हॉर्न वाजला. शेवटची एसटी कर्जतकडं निघून गेली!

"आता आली का पंचाईत!" मुलाचे वडील कपाळाला हात लावून म्हणाले. "घरी जाऊन विचार करून कळवनार व्हतो. आता मुक्काम पडला, आनि तो बी उपाशीपोटी!"

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मी शब्दकोश गपकन मिटला. माझ्या बडबडीनं बहिणीचं स्थळ गेलं!

तेवढ्यात आतून खमंग वास सुटला. शेवंतीनं चुलीवर सुके बोंबील भाजायला घेतले होते. (तिला मुलगा पसंत होता, हे मला मागाहून कळलं.) मामांनी आवंढा गिळला.

"काय रं, पोरगी पसंत हाय ना?" त्यांनी भाच्याला विचारलं.

"कवाची हाय, मामा!"

"मंग आडलंय कुटं? फोडा सुपारी! आनि ताटं वाढा!"

सुपारी फुटली, मंडळी बोंबील-भाकरीवर तुटून पडली. मी आनंदानं मामांच्या शेजारी पाट ओढला, तर ते घाईघाईनं अप्पांना म्हणाले, "व्याही, मानपान काय बी नको. फकस्त मुहूर्त टळू नये, एवढं बघा!"

अप्पांनी ते मनावर घेतलं. लग्नात मी नवरीचा भाऊ म्हणून मांडवभर मिरवलो खरा, पण शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत माझ्या तोंडात त्यांनी बुंदीचा आख्खा लाडू कोंबून ठेवला होता!